तळ्यात उरलेले अडतीस

टल्सा,
रविवार, १२ ऑक्टोबर १९९७

चि. व्हर्लिन यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

वि. वि. बुधवारी चर्चच्या जेवणाहून घरी येऊन पाहते तो तुझ्या खोलीतला पलंग नीट आवरलेला, उशीवर चार ओळींची चिठ्ठी, आणि तू हिकरी फोर्कच्या बसमध्ये! चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप्या शाळा चुकवणाऱ्या पोरासारखा पळून जातो, हे मी कुणाला सांगू? हृदयात नळी घालून तुला अजून महिना झालेला नाही. तुझ्यासाठी शिजवलेली चवळी मी दोन दिवस एकटीने खाल्ली. तिसऱ्या दिवशी चवळीला माझा आणि मला चवळीचा कंटाळा आला.

रागावून झालं. आता कामाचं लिहिते. सप्टेंबरात तू तळ्याच्या बांधावर पडलास. ओडेल नेमका त्या वेळी कुंपणाशी आला आणि त्याने तुला पाहिलं, म्हणून तू आज बस पकडून पळू शकतोस. पण शेजारी दर वेळी नेमका येईल असं कुठे लिहून ठेवलंय? नेडीनसारखी बायको घरात होती तोवर मला तुझी काळजी नव्हती. ती यंदा वसंतात वारली आणि तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावते.

तेव्हा तू इकडे राहायला ये. पाहुणा म्हणून नको, कायमचा. खोली तुझीच आहे. खिडकी पूर्वेची आहे, जिना अकराच पायऱ्यांचा. माझी लेक जोलीन ओरेगॉनहून वर्षातून एकदा येते, ती बाहेरच्या खोलीत झोपेल. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून पाठव. फोनवर तू नुसता हं हं करतोस. कारण कागदावर आलं की त्यात किती पाणी आहे ते दिसतं.

गोळ्या वेळेवर घे. माया आहेच, सध्या तिला रागाची झालर लावली आहे एवढंच.

तुझी,
ओलिटा


हिकरी फोर्क,
१९ ऑक्टोबर १९९७

ती. ताईस,
व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी बरा आहे. तिकडे तू रागात आहेस हे पाकिटावरच्या अक्षरावरूनच कळलं. चवळीबद्दल मनापासून माफी.

कारण मागितलंस. कारण तळ्यात आहे, आणि ते एक नसून अडतीस आहेत.

तू म्हणशील, मासे काय, आपले आपण जगतील. कॅटफिश असते तर जगलेही असते. हे पट्टेरी बास संकराचे आहेत, ताई. आई गोड्या पाण्यातली पांढरी बास, बाप समुद्रातून नदीत चढणारा थोराड पट्टेरी. मत्स्यबीज केंद्रवाले दोघांची गाठ घालून देतात. बाबांची खेचरं आठवतात ना, तसंच हे. अंगात रग, भूक दांडगी, आणि मागे पिलावळ नाही. केंद्रवाला म्हणतो, तळ्यात यांची वीण होत नाही. जेवढे सोडले तेवढेच. गळाला एक लागला, एक कमी. कासवाने एक ओढला, एक कमी. नवे हवे असतील तर पशुखाद्याच्या दुकानासमोर माशांची गाडी येण्याची वाट पाहायची.

हे शेवटचे पन्नास दोन वर्षांपूर्वी नेडीनने आणि मी आणले. गाडी पाऊण तास उभी राहते, लोक कचऱ्याचे डबे नि बर्फाच्या पेट्या घेऊन रांग लावतात. नेडीनने पाण्याने फुगलेली पिशवी घरापर्यंत मांडीवर धरली होती, परकर ओला होईस्तोवर. तळ्यावर आल्यावर मी गाठ सोडायला गेलो तर तिने माझ्या हातावर चापट मारली. पिशवी तशीच पाण्यात तरंगत ठेवायची, अर्धा तास. मग थोडं तळ्याचं पाणी आत घ्यायचं. पुन्हा थांबायचं. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की मासा आपला आपण बाहेर पडतो. घाई केली तर दचकून मरतो. म्हणायची, मेल्या, तुला लग्नाच्या दिवशीसुद्धा घाईच होती.

रोज चारला ती कॉफीच्या मोठ्या डब्यावर लाकडी चमचा वाजवायची. डबा वाजला की ते खालून असे उसळायचे की तळ्याला उकळी फुटल्यासारखं वाटायचं. आता मी वाजवतो. तिने सोडलेल्यांपैकी अडतीस उरलेत. त्यांना सोडून मी अकरा पायऱ्या चढून काय करू?

तरी तुझ्या जिवाला घोर नको म्हणून शब्द देतो. हे अडतीस संपू देत. खाऊन, वाटून, जसे संपतील तसे. शेवटचा संपला की मी सामान बांधून येतो, आणि मग पळणार नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
व्हर्लिन


टल्सा,
२७ ऑक्टोबर १९९७

चि. व्हर्लिन यास, अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चष्मा पुसून. नेडीनच्या ओल्या परकराची गोष्ट तू मला आजवर सांगितली नव्हतीस.

तुझा शब्द मी घेतला. पण तू माझा भाऊ आहेस, त्यामुळे अट मी घालणार. नवा मासा आणायचा नाही. एकही नाही, पिशवीत नाही, बादलीत नाही, ओडेलच्या नावावर नाही. तुझी वाट आधीच बंद करून ठेवली आहे. काल पशुखाद्याच्या दुकानातल्या मर्नाला फोन केला. माशांची नोंदणी तीच घेते हे मला ठाऊक आहे. तिला बजावलं, व्हर्लिनने मागितले तर देऊ नकोस. ती इतकी हसली की तिच्या दुकानातली कोंबडीची पिल्लं ओरडायला लागली. म्हणाली, ओलिटा, तू त्याला शाळेत हात धरून आणायचीस तेव्हापासून काही बदललं नाही.

आणि ते मासे जपून ठेवायला नाहीत, खायला आहेत, हे तुझंच म्हणणं आहे. तुझ्या मेहुण्याने, आमच्या क्लिफर्डने, एका जुलैत तुझ्या तळ्यात असाच एक धरला होता. दया येऊन परत सोडला, तर तू जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत त्याची काय हजामत केलीस! म्हणालास, तापल्या पाण्यात हवा कमी असते. हा मासा जीव खाऊन झुंजतो, दम संपल्यावर पाण्यात सोडला तरी उठत नाही. दया दाखवायची असेल तर मक्याच्या पिठात घोळवून खा. क्लिफर्ड बिचारा मरेपर्यंत ते विसरला नाही. तेव्हा भरपूर खा.

खोलीला नवे पडदे शिवते आहे. निळे चालतील ना?

पत्राला उशीर झाला तरी मायेत उशीर होऊ देऊ नये.

तुझी,
ओलिटा


(पोस्टकार्ड)
हिकरी फोर्क, १४ जानेवारी १९९८

ती. ताईस शि. सा. न. तळ्याच्या कडेला बर्फाची साय. थंडीत मासे खात नाहीत, गळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मी काय करणार? नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोन तळले, एक ओडेलला दिला. राहिले पस्तीस. निळे चालतील. गोळ्या घेतो. – व्ह.


टल्सा,
२६ एप्रिल १९९८

चि. व्हर्लिन यास, अ. उ. आ.

थंडी जाऊन दोन महिने झाले. आकडा पस्तीसच. एप्रिलमध्ये ते मासे गळ पाहून स्वतःच बादलीत उड्या मारतात असं तू दर वर्षी सगळ्यांना सांगत आलास. मग यंदा काय त्यांना उपास आहे? की गळाची काठीच मोडली? मोडली असेल तर सांग, नवी पाठवते.

मर्नाकडून तुझी खबर मिळते, हे लक्षात ठेव. परवा माशांची गाडी आली होती तेव्हा तू खिशात हात घालून पाऊण तास तिथे उभा होतास म्हणे. विकत काही घेतलं नाहीस, पण लोकांच्या पिशव्यांच्या गाठी बांधून देत होतास. एका नवख्या जोडप्याला पिशवी किती वेळ तरंगत ठेवायची ते इतकं रंगवून सांगितलंस, की त्या बाईने तुला बीज केंद्राचा माणूस समजून पावती मागितली. मर्ना म्हणाली की गाडी निघून गेली तरी तू रस्त्याकडे बघत होतास. हे मात्र ती हसत सांगत नव्हती.

इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरचं कुटुंब सोडून गेलं, तिथे आता कुणी नाही. आधी त्यांच्या पावलांच्या आवाजाने वैताग यायचा, आता छताकडे कान जातो. रेडिओ लावून जेवते. मंगळवारी टेबलावर दोन ताटल्या मांडल्या, मग एक परत ठेवली. वय झालं, दुसरं काय.

पडदे लावले. खोलीत सकाळी उजेड निळा होऊन येतो. तू पाहशील.

आठवण ठेव म्हणत नाही, काठी उचल म्हणते.

तुझी,
ओलिटा


हिकरी फोर्क,
१२ जुलै १९९८

ती. ताईस,
व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

मे महिनाभर तुझं पत्रच नाही. जूनमध्ये आलं ते तीन ओळींचं, आणि अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेली. झालंय काय? फोनवर विचारलं तर तू माझ्यासारखी हं हं करतेस.

आता मला एक सांगायचं आहे. फोनवर सांगवेना, म्हणून लिहितो.

गेल्या शुक्रवारी ओडेल आणि त्याची बायको जेवायला यायची होती. एखादा धरावा म्हणून संध्याकाळी बांधावर बसलो. हवा अशी की शर्ट पाठीला चिकटलेला, पाणी पायाला कोमट लागत होतं. लागला. ताई, काय लागला! दहा मिनिटं दोरी गाणं म्हणत होती. काठावर आणला तर चार-साडेचार पौंडांचा, पट्टे असे मधेच तुटलेले, जणू कुणी रेघ ओढता ओढता हाक आली म्हणून उठून गेलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, चौतीस.

आणि मी त्याला परत सोडला.

मी! ज्याने क्लिफर्डला चारचौघांत सोलून काढलं, गावातल्या प्रत्येकाला बजावलं की उन्हाळ्यात हा मासा परत सोडायचा नसतो, त्याने सोडला. पाण्यात धरून पुढेमागे हलवला, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. बराच वेळ. तो हातातून सरकला तेव्हा वाटलं, जमलं. सकाळी पाणवनस्पतीच्या कडेला पोट वर करून तरंगत होता. ना माझ्या ताटात, ना तळ्यात.

ओडेलला भेंडी नि मक्याचा पाव वाढला. मासा का नाही ते त्याने विचारलं नाही.

तर चौतीस. मी काठी उचलत नव्हतो हे तू ओळखलं होतंस, मी कबूल करतो. शब्द मोडलेला नाही, पण तो ताणत होतो. क्लिफर्डची माफी आता कुठे मागू? तुझ्याकडेच मागतो.

तुझा,
व्हर्लिन


टल्सा,
२० जुलै १९९८

चि. व्हर्लिन यास, अ. उ. आ.

क्लिफर्डच्या वतीने माफ केलं. तो असता तर त्याने खुर्ची मागे सरकवून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसून घेतलं असतं. मग तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला असता की मक्याच्या पिठाचं काय झालं? मी मात्र हसले नाही. तुझं ते ‘चौतीस’ वाचून बराच वेळ खिडकीपाशी बसले.

अक्षराचं म्हणशील तर लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना उजवं मनगट मुरगळलं. डाव्या हाताने लिहिते. आता सुधारतंय. काळजी करण्यासारखं नाही.

उन्हात बांधावर बसू नकोस. बसायचंच असेल तर डोक्यावर टोपी घाल. मी घाई करत नाही.

तुझी,
ओलिटा


हिकरी फोर्क,
३० ऑगस्ट १९९८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

संपले.

सांगतो कसं ते. चार दिवस आभाळ भरून होतं. वारा नाही, पान हलत नव्हतं. बुधवारी सायंकाळी गार पाऊस कोसळला, झाडं पडली, विजेची तार तुटली. तार तुटली म्हणजे तळ्यात हवा सोडणारा पंप बंद. गार पाणी वरून खाली गेलं आणि तळाचं कुजकं, हवा नसलेलं पाणी वर आलं. उजाडताना बांधावर गेलो तर सगळे वर आलेले, काठाकाठाने, तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत. बगळे रांगेने उभे होते. त्यांनाही घाई नव्हती.

मी होडी लोटली आणि तिचं यंत्र लावून गोल गोल फिरत राहिलो. पंखा पाणी घुसळतो, तेवढीच हवा. डॉक्टरांनी होडी ओढू नकोस सांगितलं होतं, ते आठवत होतं, पण हात ऐकेनात. ओडेल आला, त्याने काठावरून शिव्या घातल्या. मग बुटांसकट कमरेभर पाण्यात येऊन मला होडीतून ओढून काढलं, आणि स्वतः ट्रॅक्टरचा पंप आणून पाणी उडवत बसला. नऊच्या सुमाराला पाणी शांत झालं. तेव्हा ज्यांच्यासाठी घुसळायचं तेच उरले नव्हते.

मोठे आधी जातात, ताई. त्यांना हवा जास्त लागते. हातगाडीत भरून पीचच्या झाडांखाली पुरले, तेहेतीस. एक सापडत नाही. कासवांनी नेला असेल. एकासाठी मी तुझ्याशी वाद घालणार नाही.

मर्ना दुकानाबाहेर येऊन मला म्हणाली की ऑक्टोबरात गाडी येते आहे, तू घे, ओलिटाला मी काही बोलणार नाही. भली बाई आहे. मी म्हटलं, मर्ना, शब्द मी दिला होता, तू नाही.

तेव्हा मी सामान बांधतो आहे. एक नोव्हेंबरपर्यंत पोहोचेन. फार काही आणत नाही. कॉफीचा डबा आणि चमचा आणू का? तिथे त्याचा उपयोग नाही हे कळतं. नुसता फडताळात राहील.

तुझे पडदे निळे आहेत हे बरं झालं.

तुझा,
व्हर्लिन


टल्सा,
२० सप्टेंबर १९९८

चि. व्हर्लिन यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

सामान बांधलं असशील तर सोड.

उत्तराला तीन आठवडे लागले, कारण मला तीन आठवडे लाज वाटत होती. लोणच्याची बरणी खोटी होती. मे महिन्यात एका सकाळी मी न्हाणीघरात पडले. उजवं मनगट मोडलं आणि कंबर अशी धरली की उठता येईना. फोन स्वयंपाकघरात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरशीवर होते. वरच्या मजल्यावर कुणी नाही, खालच्या दुकानात रेडिओ मोठा. हाका मारल्या, मग हाका मारायची लाज वाटायला लागली. शेवटी सरपटत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, टॉवेलचा फास करून टेबलक्लॉथ ओढला, फोन खाली पडला, तेव्हा मदत बोलावता आली. तुला कळवलं नाही. तू लगेच म्हणाला असतास की तुझ्याकडे येऊन तरी माझं काय वेगळं होणार आहे! आणि ते खरं ठरलं असतं.

मग या महिन्यात ओडेलचा फोन आला. तो माणूस ख्रिसमसलासुद्धा फोन करत नाही. म्हणाला, ओलिटा, त्याला घेऊन जायचं असेल तर लवकर घेऊन जा, मला हे झेपत नाही. मी विचारलं, काय झेपत नाही? तर म्हणाला, डबा. रोज चारला डबा वाजतो, मी कुंपणापलीकडे गाईंना चारा टाकत असतो. वाजला की माझ्या मनाला बरं वाटतं, म्हातारा उभा आहे. गेल्या सप्टेंबरात चार वाजून गेले, सव्वाचार झाले, डबा वाजला नाही, म्हणून मी कुंपणाशी गेलो. आता मासे मेल्यापासून तो वाजतच नाही. रोज चारला मला काम टाकून, बुटांचा चिखल तुडवत, तो जिवंत आहे का ते बघायला यावं लागतं.

व्हर्लिन, वर्षभर मी म्हणत होते की ओडेल नेमका कुंपणाशी आला. तो नेमका आला नव्हता. त्याला तुझ्या माशांनी बोलावलं होतं, आणि मी तेच मासे संपायची वाट पाहत बसले होते. तुला या घरात आणून बसवायचं होतं मला, जिथे मी दिवसभर फरशीवर पडले तर एक भांडंसुद्धा वाजत नाही. तुझ्या जिवासाठी म्हणून सांगत होते. खरं म्हणजे त्या दोन ताटल्यांसाठी.

आता नीट वाच. नवा मासा आणायचा नाही हा शब्द तुझा होता. मी तसा कुणालाही दिलेला नाही. काल मर्नाला फोन करून माझ्या नावावर माशांची पन्नास पिल्लं नोंदवली, वीतभर लांबीची. लहान नकोत, बगळे आणि मोठे मासे गिळतात, हे तूच शिकवलंस. मर्ना या वेळी हसली नाही. म्हणाली, तुझ्यासाठी मोठी पेटी बाजूला ठेवते. गाडी १६ ऑक्टोबरला शुक्रवारी दहाला दुकानासमोर येणार आहे. मीही येते. चर्चमधली पॅट्सी तिच्या गाडीतून सोडते आहे.

सोबत दोन बॅगा आहेत. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. चार वाजता डबा कुणी वाजवायचा यावर भांडायला कुणीतरी हवं, एवढं मात्र ठाऊक आहे. मनगट आता बरं आहे, चमचा धरता येतो.

माया बॅगेत घालून आणते. पोस्टाचं तिकीट नको.

तुझी,
ओलिटा


हिकरी फोर्क,
४ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बांधावर बसून वाचलं. न्हाणीघराच्या ओळींशी आलो तेव्हा उठलो, एक चक्कर मारली, मग पुढचं वाचलं. तू मला सांगायला हवं होतंस. यावर मी तुझ्याशी भांडणार आहे, पण तू आल्यावर. भांडणं टपालाने पाठवली की वाटेत थंड होतात.

आता गाडीबद्दल सूचना. पिशव्या पेटीत सावलीत ठेवा. पॅट्सीला सांग, गाडीतलं ऊब देणारं यंत्र लावायचं नाही, थंडी वाजली तर कोट घाला. खड्ड्यांवरून हळू. रेडिओ लावला तरी चालेल, माशांना गाणी कळत नाहीत.

नेडीनची शिवणाची खोली तुझ्यासाठी रिकामी केली. जिना नाही. खिडकी पश्चिमेची आहे, तळं दिसतं. पडदे नाहीत, ते निळे काढून आण. ओडेलने न्हाणीघरात भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवून दिला. मी सांगितलं नव्हतं. मी फक्त तुझ्या पत्रातला तेवढा भाग त्याला वाचून दाखवला, तर तो उठून घरी गेला आणि ड्रिल घेऊन आला.

टल्साचं घर लगेच कुणाला देऊन टाकू नकोस. दोन आठवडे राहा, मग परत जाऊन ये, मग महिनाभर राहा. तुला तिकडचं पाणी इतक्या वर्षांत अंगवळणी पडलंय. इकडे रात्री कोल्हे ओरडतात, आणि कॉफी मी फार कडक करतो. गाठ आपण सावकाश सोडू. मला चापट मारायला नेडीन नाही, तेव्हा ते मीच लक्षात ठेवतो.

आणखी एक. तुझं पत्र आलं त्या दिवशी चारला डबा उचलला. मासे नसताना, नुसता ओडेलची पायपीट वाचावी म्हणून. तीनदा वाजवला, जुन्या सवयीने मूठभर खाद्य टाकलं. तर बांधाच्या खोल बाजूला पाणी फुगलं, एक पाठ वर आली, पट्टे दिसले, आणि शेपटीचा असा फटका बसला की माझी टोपी भिजली. तो हरवलेला एक! सव्वा महिना तो खाली गप्प होता, आणि मी त्याला कासवाच्या पोटात घालून बसलो होतो.

म्हणजे ताई, नीट पाहिलं तर शेवटचा मासा अजून संपलेला नाही, आणि मी टल्साला यायला बांधलेलो नव्हतोच. पण आता त्यावर वाद नको.

त्या दिवसापासून रोज वाजवतो. तो एकटाच येतो, सगळं खाद्य त्याचं, तरी अर्धं ठेवून जातो. पूर्वी उरत नसे. इतक्या मोठ्या तळ्यात एकट्याला जेवण जात नसावं. त्याला सांगितलंय, सोळा तारखेपर्यंत धीर धर, पन्नास येताहेत.

दोन ताटल्या काढून ठेवल्या आहेत. दुसरा चमचाही शोधला.

वाट पाहतो.

तुझा धाकटा,
व्हर्लिन